जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचारा

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या गावांत 'पोराला लिव्हर झालंय' एवढं कानावर आलं की ऐकणारा गप्प होई. मूल असे सहा महिन्यांचं ते फार तर तीन-चार वर्षांचं. आधी किरकिर आणि खाण्यावरची वासना उडणं, मग पुढे आलेलं पोट, हाताला टणक लागणारं वाढलेलं यकृत, मग कावीळ, पोटात पाणी. कावीळ दिसू लागल्यावर मूल क्वचितच वाचे. एकाच घरात पाठोपाठ दोन भावंडं दगावल्याचंही डॉक्टर पाहत. वैद्यकाच्या पुस्तकांत या रोगाचं नावच 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असं होतं, कारण तो मुख्यतः आपल्याकडे दिसे. आज तिशीतल्या बालरोगतज्ज्ञानं तो बहुधा फक्त वाचलेला असतो.

हा रोग का होत होता हे कसं शोधलं गेलं, ते पुन्हा सांगायला हवं. रोगाचं कारण ठरवायची शिस्त आपण समाज म्हणून अजून लावून घेतलेली नाही. कुणी आजारी पडलं की आपण त्यानं काय खाल्लं, काय प्यायलं, कोणती सुई टोचून घेतली, हे विचारतो. तेच खाऊन-पिऊन, तीच सुई टोचून घेऊन जो ठणठणीत राहिला, त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. आणि या दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पहिल्याच्या उत्तराला काही अर्थ नसतो.

लिव्हरच्या बाबतीत संशयितांची यादी लांब होती. घरात दृष्ट, बाधा, आईचं दूध 'न मानवणं'. दवाखान्यांत विषाणू, कुपोषण, शेंगदाण्याला लागणाऱ्या बुरशीचं विष आणि आनुवंशिकता. प्रत्येक संशयाला थोडाथोडा आधार होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबं सापडू लागलं, तेही प्रचंड. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनात दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते हजाराच्या वर जाई.

इथे बहुतेकांनी 'सापडलं कारण' म्हटलं असतं. पण यकृतात साचलेलं तांबं पित्तावाटे बाहेर पडतं, आणि यकृत बिघडून पित्त अडलं की तांबं आतच साचतं. म्हणजे तांब्यामुळे यकृत बिघडलं, की बिघडलेल्या यकृतात तांबं साचलं, हे नुसतं तांबं मोजून कळणारच नव्हतं. रोगाच्या अभ्यासात ही उलटापालट वारंवार होते आणि भल्याभल्यांना चकवते. रुग्णाच्या शरीरात काहीतरी जास्त किंवा कमी सापडतं आणि त्यालाच आरोपी ठरवलं जातं. ते रोगाच्या आधी तसं होतं का, हे विचारायचं राहून जातं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत हा प्रश्न यकृतातून उचलून स्वयंपाकघरात नेला. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखाचा मुद्दा असा होता की या मुलांना अंगावरचं दूध सुटून फार लवकर गायी-म्हशीचं दूध सुरू होत होतं, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं, ठेवलं जात होतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दूध ठेवलं की दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. नवजात बाळाच्या यकृतात मुळातच तांबं जास्त असतं आणि ते बाहेर टाकायची क्षमता कोवळी असते. मोठा माणूस जे सहज पचवून जातो, ते तान्ह्याच्या यकृतात साठत राहतं.

ही जुळणी सुंदर होती. पण नुसती सुंदर जुळणी पुरत नाही. विज्ञानाच्या इतिहासात पटणारी आणि तरीही चूक ठरलेली स्पष्टीकरणं खोऱ्यानं मिळतील. म्हणून त्यांनी पुढचं काम केलं, जे मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. आजारी मुलांच्या जोडीला तशाच निरोगी मुलांची निवड केली आणि दोन्ही घरांत तेच प्रश्न विचारले. अंगावर किती दिवस पाजलं? वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं, कशात ठेवलं? आजारी मुलांना वरचं दूध लवकर मिळालं होतं, आणि त्यांच्या घरांत दुधासाठी तांब्या-पितळेची भांडी बऱ्याच जास्त प्रमाणात वापरात होती. १९८७ साली ही तुलना प्रसिद्ध झाली.

यावर एक रास्त शंका येते. आजारी मुलाची आई मनात हजारदा मागे जाऊन आठवते, निरोगी मुलाची आई तसं आठवत नाही. मग उत्तरांतला फरक आठवणीतलाच नसेल कशावरून? इथे एक गोष्ट अभ्यासाच्या पथ्यावर पडली. डॉक्टरांना पातेल्याचा संशय असला, तरी घरातल्या आयांच्या मनात तो सहसा नव्हता. ज्या गोष्टीबद्दल मनात अपराधीपणा नाही, ती सांगताना आई काही लपवत नाही आणि फुगवतही नाही. शिवाय शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामिन हे औषध आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात दिल्यावर काही मुलं तगली. तांबं नुसतं परिणाम म्हणून साचलं असतं, तर ते काढून मुलं सुधारायचं कारण नव्हतं.

आक्षेप तरीही थांबले नाहीत, आणि ते घेणारे सामान्य लोक नव्हते; देशातले ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) त्यात होते. त्यांचा मुख्य सवाल असा की पितळेची भांडी तर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होती, मग लिव्हर मोजक्याच घरांत का झालं? आणि ज्या घरांत झालं तिथे भावंडांनाही झालं, म्हणजे दोष रक्तातच नाही का? हा सवाल गंभीर आहे. पण त्यात 'एक तर रक्त, नाही तर पातेलं' असं जे गृहीत धरलं आहे, ते मला मान्य नाही. वाळलेलं गवत आणि काडी दोन्ही असतील तरच वणवा लागतो. गवत वाळलेलं होतं हे सिद्ध झालं म्हणून काडी निर्दोष ठरत नाही.

याचा पुरावा हजारो मैलांवर, ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगराळ खेड्यांत मिळाला. तिथेही १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच यकृतरोगानं दगावली होती. तिथेही गायीचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवून बाळाला देत, आणि तिथेही रोग काही घराण्यांत एकवटलेला होता. १९९६ साली संशोधकांनी त्या घराण्यांच्या वंशावळी लावून दाखवलं की काही मुलांमध्ये आनुवंशिक कमकुवतपणा असणार आणि तांब्याच्या भांड्यातलं दूध त्यावर घाव घालत असणार. रोग गेला तो भांडी बदलल्यावर. त्या घराण्यांचं रक्त मधल्या काळात बदललं नव्हतं.

पुण्यात आणि इतरत्रही स्टीलची भांडी घरात येत गेली, आयांना सल्ला मिळत गेला, आणि असे रुग्ण दिसेनासे होत गेले. याच काळात इतर कितीतरी गोष्टी सुधारल्या, हे मान्य करायलाच हवं. स्टील आलं आणि रोग गेला, एवढ्यावर मी काहीही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पण यकृतातलं तांबं, दुधाचं रसायन, जोडीजोडीनं केलेली तुलना, औषधाचा परिणाम आणि टिरोल, हे पाच वेगवेगळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर 'अजून शंभर टक्के सिद्ध नाही' म्हणून तान्ह्याचं दूध पितळी पातेल्यात ठेवणारा माणूस शहाणा नव्हे.

हे साक्षीदार कसे तोलावेत यावर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं १९६५ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये एक भाषण दिलं. हिल यांनी रिचर्ड डॉल यांच्यासोबत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली पुढे आणला होता. त्या अभ्यासातही लंडनच्या रुग्णालयांतल्या कर्करोग्यांच्या जोडीला दुसऱ्या आजारांचे रुग्ण घेऊन तेच प्रश्न विचारले होते. भाषणात हिल यांनी नऊ बाजू मांडल्या. संबंध किती जोरकस आहे, वेगवेगळ्या ठिकाणी तो पुन्हा दिसतो का, कारण परिणामाच्या आधी आलं का, मात्रा वाढली तसा रोग वाढतो का, कारण काढून घेतल्यावर रोग घटतो का, या त्यातल्या माझ्या मते सर्वांत वजनदार बाजू. पाठ्यपुस्तकांनी या नऊ बाजूंची उत्तीर्ण होण्याच्या गुणांसारखी यादी करून टाकली. हिल यांनी मात्र स्पष्ट बजावलं होतं की यातली कुठलीही एक बाजू अनिवार्य धरू नये.

त्या भाषणाचा शेवटचा भाग कमी वाचला जातो आणि आपल्याला तोच सर्वांत जास्त लागतो. पुरावा किती हवा हे कृती काय करायची त्यावर अवलंबून असतं, असं हिल म्हणाले. गरोदरपणातल्या मळमळीवरच्या औषधाबद्दल थोडाही संशय आला तरी ते थांबवावं, कारण थांबवण्यात नुकसान कमी. कारखान्यातलं कर्करोगकारक वाटणारं तेल बदलायला बऱ्यापैकी पुरावा पुरे. लोकांना आवडणारी सिगारेट किंवा खाणं सोडायला लावायचं, तर मात्र भक्कम पुरावा हवा. ज्ञान अपुरं असतंच, ते पुढे बदलतंही, पण म्हणून हातात असलेलं ज्ञान दुर्लक्षित करायची किंवा कृती पुढे ढकलायची मोकळीक मिळत नाही, असा त्यांचा सांगावा होता.

आता बुलढाण्याकडे येऊ. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस हाताला येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे, तरुण, बायका, शाळकरी मुलं, सगळेच. बातम्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं आणि गावांकडे लोक संशयानं पाहू लागले. आधी बोट पाण्याकडे गेलं. हा खारपाणपट्टा, पाण्यात क्षार भरपूर, नायट्रेटही जास्त निघालं. पण त्या मातीत पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारं आहे आणि केस मात्र एका हिवाळ्यात गेले. कायम असलेल्या गोष्टीनं अचानक घडलेल्या गोष्टीचा उलगडा होत नाही, निदान तिच्या एकटीच्या बळावर तरी नाही. हा विचार करायला प्रयोगशाळा लागत नाही.

मग महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले, स्वतःहून त्या गावांत गेले. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, घरातला रेशनचा गहू तपासून घेतला आणि फेब्रुवारीत सांगितलं की गव्हात सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं एक मूलद्रव्य) बेसुमार आहे, रुग्णांच्या शरीरातही ते वाढलेलं आहे आणि जस्त कमी आहे. हा गहू जिथून आल्याचं सांगितलं गेलं त्या पंजाबच्या काही भागांतली माती सेलेनियमनं संपृक्त आहे, हे शेतीशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. सेलेनियमच्या अतिरेकानं केस आणि नखं जातात हेही नवं नाही: चीनच्या हूबेई प्रांतात १९६०च्या दशकात हे घडलं होतं, आणि २००८ साली अमेरिकेत चुकीच्या मात्रेचं सेलेनियम मिसळलेलं एक पूरक पेय घेऊन दोनशेच्या वर माणसं आजारी पडली, त्यांतल्या बहुसंख्यांचे केस गळले. बुलढाण्यातही पुढे नखं गळल्याच्या तक्रारी आल्या.

माझ्या मते हा आरोप वजनदार आहे. पण लिव्हरच्या अभ्यासाला जे प्रश्न विचारले तेच इथेही विचारायला हवेत. त्याच घरात, त्याच गव्हाची पोळी खाऊन ज्यांचे केस शाबूत राहिले, त्यांच्या रक्तात सेलेनियम किती होतं? शेजारच्या गावात, जिथे दुसऱ्या लॉटचा गहू गेला, तिथे काय दिसलं? तोच लॉट आणखी कुठल्या तालुक्यात गेला आणि तिथे केस गळले का? ज्यांनी पोळी कमी आणि ज्वारीची भाकरी जास्त खाल्ली, ते वाचले का? या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळाली तर आरोप सिद्ध होईल किंवा कोसळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं तिथे गेली, नमुने घेतले गेले. अशा वेळी गावाला आणि राज्याला ही तुलना तक्त्यात मांडून मिळाली पाहिजे, नावं वगळून, आठवड्यांत. एका डॉक्टरनं आपल्या पुढाकारानं केलेल्या तपासणीवर लोकांना अवलंबून राहावं लागणं, हा त्या डॉक्टरचा गौरव आहे आणि यंत्रणेची लाज आहे.

आणि हिल यांच्या तराजूत तोललं तर त्या गावांतला गहू बदलायला कुठल्याही अंतिम अहवालाची गरज नव्हती. गहू बदलण्यात तोटा काय? थोडी वाहतूक, थोडी कागदपत्रं. एखाद्या राज्यातला गहू सरसकट बंद करायचा असता, तर शेतकऱ्यांच्या पोटावर पाय आला असता, आणि तिथे मी भक्कम पुरावा मागितला असता. या दोन कृतींना एकच मापदंड लावून दोन्ही लांबवणं म्हणजे सावधपणा नव्हे.

उलट दिशेची चूकही मी तितकीच गंभीर मानतो. कोविडनंतर तरुण माणूस चालता-चालता कोसळल्याची बातमी आली की 'लस घेतली होती ना?' हा प्रश्न ठरलेला. उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असंच येणार, कारण देशातल्या बहुतेक प्रौढांनी ती घेतली होती. त्या 'हो'तून काहीही कळत नाही. कळण्यासाठी अचानक गेलेल्यांच्या जोडीला, त्याच भागातले, त्याच वयाचे जिवंत लोक घ्यावे लागतात. हे केलं गेलं: १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृतांची २,९१६ जिवंतांशी तुलना करणारा अभ्यास २०२३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोविडनं रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, एकदम जोराचे शारीरिक श्रम केलेल्यांत. हा अभ्यास लशीची पाठराखण करायला निघाला होता असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनं क्वचित कुणाच्या रक्तात जीवघेण्या गुठळ्या होतात, हे २०२१ साली युरोपात पक्कं झालं तेही लस घेतलेल्यांतलं प्रमाण एरवीच्या प्रमाणाशी ताडूनच, म्हणजे तुलनेच्याच रीतीनं. ही रीत कुणाच्या बाजूची नसते, म्हणूनच ती दोन्ही बाजूंच्या लोकांना नकोशी होते.

घाईनं ठरवलेल्या कारणाची किंमत काय असते, हे पुण्या-मुंबईला वेगळं सांगायला नको. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. राज्यकर्त्यांचा समज असा की रोग घाणीत, घरात, माणसाच्या स्पर्शात आहे. म्हणून घरं उपसली, सामान जाळलं, माणसं ओढून छावण्यांत नेली; १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या पथकांनी काय केलं ते आपल्या इतिहासात कोरलेलं आहे. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवतात असं दाखवलं, तर वर्षानुवर्षं त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे प्लेग आयोगानं मुंबईतच प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिग ठेवले: काही उघड्या पिंजऱ्यांत, काही पिसवांना शिरता येणार नाही अशा पिंजऱ्यांत. हवा तीच, जमीन तीच, घाण तीच. पिसवांपासून राखलेले वाचले. लाखो माणसं मेल्यावर ही तुलना झाली. ती दहा वर्षं आधी करता येणार नव्हती असं तिच्यात काहीच नव्हतं.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे आणि ती तालुका पातळीवर अमलात येण्यासारखी आहे. कुठेही अनोळखी आजाराचे पाच-दहा रुग्ण एकत्र दिसले की पहिल्याच आठवड्यात रुग्णांइतक्याच, किंबहुना दुपटीनं, निरोगी शेजाऱ्यांची तीच प्रश्नावली भरून घ्यावी आणि त्यांचेही तेच नमुने घ्यावेत. आशाताई घरोघर जातातच. प्रश्नावली हातात दिली आणि त्या कामाचा वेगळा मोबदला दिला, तर हे होऊ शकतं. रेशनच्या प्रत्येक लॉटचा एक-एक किलो धान्य-नमुना गोदामात सीलबंद वर्षभर ठेवावा, म्हणजे संशय येईपर्यंत पुरावा लोकांच्या पोटात गेलेला नसेल. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी पत्रकारांसमोर 'कारण शोधणं सुरू आहे' एवढं सांगून उठण्याऐवजी चार रकान्यांचा तक्ता ठेवावा: आजारी आणि संशयित वस्तू घेतलेले, आजारी आणि न घेतलेले, निरोगी आणि घेतलेले, निरोगी आणि न घेतलेले. गावातला दहावी झालेला कुणीही तो वाचू शकतो, आणि आपल्या घरातल्या डब्यातल्या गव्हाचं काय करायचं ते त्यावरून त्याच संध्याकाळी ठरवू शकतो.